खाडाखोड

अण्णा चेक तिरका धरायचे. तालुक्याच्या गावातल्या एका बँकेत माझे वडील कॅशियर होते आणि शाळा सुटली की मी त्यांच्या काउंटरमागच्या स्टुलावर जाऊन बसायचे. समोरचा माणूस घाईत असो, ओळखीचा असो, अगदी आमच्या घरमालकांचा भाऊ असो, चेक आधी खिडकीकडे जायचा. उजेड बाजूनं पडेल असा. मग अण्णांचा अंगठा आकड्यावरून हळूच फिरायचा. ब्लेडनं खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहतात आणि आडव्या उजेडात त्यांची बारीक सावली पडते, हे मला फार नंतर कळलं. अण्णांनी ते कधी समजावून सांगितलं नाही. 'खाडाखोड दिसतीय, इथं सही करा,' एवढं म्हणून ते चेक जाळीखालून परत सरकवायचे. आवाजात आरोप नसायचा. खाडाखोड सगळ्यांच्याच हातून होते, सही करायला मात्र माणसं का कचरतात, हे त्यांचं कोडं होतं.

माझ्याकडे आता त्या कामाला कॅमेरा आहे. म्हणजे मी काम करते त्या संस्थेनं तो घेतलाय द्राक्षांसाठी. पानावर डाऊनीचा, आमच्याकडे ज्याला केवडा म्हणतात त्याचा, डाग डोळ्याला दिसायच्या आधी यंत्राला दिसतो का, हा आमचा प्रकल्प. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा हे त्याचं नाव इतकं भारदस्त आहे की बघायला येणारा प्रत्येक जण निराश होतो. काळ्या कापडानं झाकलेली लोखंडी चौकट, दोन्ही बाजूंना हॅलोजनचे दिवे, मधे सरकणारी फळी आणि वर एक ठोकळा. ठोकळा एका वेळी एकच बारीक रेघ बघतो. फळी सरकते तशी पुढची रेघ, मग पुढची. केर काढत जावं तसं. या जातीच्या कॅमेऱ्याला धंद्यात 'पुशब्रूम'च म्हणतात. सुरुवातीला एक पांढरी स्वच्छ फरशी त्याच्यापुढे धरावी लागते. पांढरं म्हणजे काय हे त्याला रोज नव्यानं सांगावं लागतं.

तो नेमकं काय करतो हे विचारलं की मी आमटीचं उदाहरण देते. आमटी आंबट झाली तर पाहुणा म्हणतो, 'छान आंबट झालीय.' आजी एक घोट घेते आणि म्हणते, 'चिंच संपली होती वाटतं, आमसूल टाकलंस.' आपला डोळा त्या पाहुण्यासारखा. त्याच्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या; समोरून कितीही गुंतागुंतीचा उजेड आला तरी तो तीन आकड्यांत गुंडाळून मेंदूकडे पाठवतो. वेगवेगळ्या रसायनांच्या दोन शाया त्या तीन आकड्यांत सारख्या बसल्या की त्याच्या लेखी दोन्ही 'निळ्या'. कॅमेरा तोच उजेड दोनशेहून जास्त बारीक पट्ट्यांत चिरतो. आमचा ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींपासून १००० पर्यंत जातो. माणसाचा डोळा ७००च्या आसपास हात टेकतो. म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा एक आलेख मिळतो: कुठल्या लांबीच्या लहरी किती परतवल्या आणि किती गिळल्या. एका फुलस्केप कागदाची फाईल दोन-दोन जीबी होते ती त्यामुळे.

गेल्या दिवाळीत आत्या आली ती चिवड्याच्या डब्याखाली एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. अण्णांच्या ट्रंकेतला कागद. १९८३ सालचं घरगुती वाटणीपत्र. ना स्टँप, ना नोंदणी. रेघांच्या कागदावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, खाली पाच सह्या आणि एक अंगठा. लिहिणारे नाना, म्हणजे आबांचे, माझ्या आजोबांचे, धाकटे भाऊ. विहिरीलगतच्या रानातले १८ गुंठे नानांकडे, असं त्यात दिसतं. आमच्या घरात मात्र सगळे आठ गुंठेच म्हणत आले. नानांनी मागाहून आठाच्या आधी एक मारला, असा समज, आणि समज कसला, खात्रीच. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. त्या पाव एकरापायी चाळीस वर्षं लग्नपत्रिका पोचायच्या, माणसं पोचायची नाहीत.

'तुझ्या मशीनला सगळं दिसतं म्हणे,' आत्या म्हणाली.

मी कागद बघितला. '१८' मधला एक जरा चेपून बसलेला होता, एसटीत तिसऱ्या सीटवर चौथा माणूस बसतो तसा. पुढे 'अक्षरी' नाही. अण्णांच्या बँकेत असा कागद पाच मिनिटं टिकला नसता.

हे काम काही माझ्या कॅमेऱ्यानं सुरू झालेलं नाही. दस्तऐवज तपासणाऱ्यांच्या टेबलावर फार आधीपासून यंत्रं आहेत. कागदावर वेगवेगळ्या रंगांचा उजेड टाकायचा, फिल्टरमधून बघायचं, एक शाई विरघळते आणि दुसरी तशीच राहते. हायपरस्पेक्ट्रलनं त्यात भर घातली ती ठिपक्या-ठिपक्याच्या आलेखाची. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा थॉमस जेफरसननं स्वतःच्या हातानं लिहिलेला कच्चा मसुदा तिथे आहे. त्यात 'नागरिक' या अर्थाच्या शब्दाखाली काहीतरी पुसट होतं. फेनेला फ्रान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागेची वेगवेगळ्या लहरलांबींत चित्रं घेऊन वरची शाई आणि खालची शाई सुटी केली. जुलै २०१०मध्ये लायब्ररीनं जाहीर केलं की खालचा शब्द 'प्रजाजन' असा आहे. जेफरसननं तो शाई ओली असतानाच पुसला होता आणि त्याच जागेवर नवा शब्द लिहिला होता. मसुद्यात इतरत्र तो सरळ काट मारतो. इथे मात्र जुना शब्द कुणाला दिसू नये असं त्याला वाटलेलं दिसतं. राजाची प्रजा म्हणून जन्मलेल्या माणसाची जुनी सवय एका शब्दापुरती पेनातून उतरली आणि त्यानं ती तिथल्या तिथे पुसून टाकली.

ही बातमी वाचली तेव्हा मला जे आठवलं ते कुठल्याही मराठी माणसाला आठवेल. जेफरसन हे लिहीत होता १७७६च्या जूनमध्ये. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं ३० ऑगस्ट १७७३ला. त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. 'धरावे'चं 'मारावे' झालं, आनंदीबाईंनी ध चा मा केला, ही कथा कितपत खरी यावर इतिहासकार भांडत आले आहेत. भाषेनं मात्र निकाल केव्हाच देऊन टाकला. वाक्प्रचारावर अपील नसतं. एका शब्दाच्या बदलामुळे तिकडे माणसं प्रजेची नागरिक झाली आणि इकडे एक अठरा वर्षांचा पेशवा जिवाला मुकला, असं काहीसं आलंकारिक मी एका भाषणात ठोकूनही दिलं होतं. टाळ्या पडल्या. खाली बसल्यावर शेजारच्या रसायनशास्त्राच्या सरांनी हळूच विचारलं, 'ते पत्र उद्या कुणी आणून दिलं, तर तुमचा कॅमेरा काय सांगेल?'

खरं उत्तर असं की बहुधा काहीच नाही. आपली जुनी शाई काजळाची: दिव्याची काजळी आणि डिंक. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन सगळ्या लहरी सारख्याच गिळतो. जांभळ्यापासून इन्फ्रारेडपर्यंत, म्हणजे तांबड्यापलीकडच्या न दिसणाऱ्या उजेडापर्यंत, त्याचा आलेख तळाशी आडवा पडलेला. दौत एकच आणि शाई एकच, तर ध आणि मा यांत माझ्या यंत्राला फरक दिसायचं कारण नाही. रामशास्त्र्यांना चौकशी करायची ती माणसांना विचारूनच करावी लागली असती, आणि त्यांनी ती तशीच केली.

बॉलपेनची गोष्ट वेगळी. त्याची निळाई रंगद्रव्यांची असते आणि ही रंगद्रव्यं कंपनीगणिक, वर्षागणिक बदलतात. एक प्रकार तांबड्याच्या आसपासच पारदर्शक होऊन जातो, दुसरा आणखी थोडा तग धरतो. इन्फ्रारेडमध्ये खोल गेलं की बहुतेक सगळे नाहीसे होतात आणि कागद कोरा दिसतो. आत्याचा कागद फळीवर ठेवून मी दिवे लावले, फार वेळ नाही, जुना कागद हॅलोजनच्या उष्णतेनं कुरकुरतो. स्कॅन झाल्यावर फक्त त्या आकड्याभोवतीच्या ओळी पडद्यावर मोठ्या केल्या आणि पट्ट्या एकेक करून पुढे सरकवू लागले. ६०० नॅनोमीटरला सगळं लिखाण ठळक. ६५०ला फिकं. ७००ला ओळींच्या ओळी दव उडावं तशा उडून गेलेल्या, आणि त्या मोकळ्या रानात एकटा उभा एक. शेजारचा आठ गायब. ७८०पर्यंत गेल्यावर तोही गेला.

आत्याला दाखवायचं म्हणून मी दोन शायांचे आलेख वेगळे काढून रंगवले. लिखाण राखाडी, एक लाल. ती खुर्ची ओढून जवळ आली आणि नुसती बघत राहिली.

'रक्तासारखा दिसतो गं,' ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की लाल रंग मी निवडला होता. यंत्रानं मला दोन आलेख दिले होते, तांबड्याच्या टोकाशी एकमेकांपासून दूर जाणारे. त्यांना हिरवा आणि पिवळा दिला असता तरी चाललं असतं. लाल माझ्या हातानं गेला, कारण चाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट त्या हातात होती.

आत्या रक्त म्हणाली आणि योगायोगानं या कॅमेऱ्याचं फॉरेन्सिकमधलं एक मोठं काम रक्ताशीच निगडित आहे. हिमोग्लोबिनचा आलेख विसरता येत नाही असा असतो. ४१५ नॅनोमीटरला, दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या काठावर, एक खोल दरी. पुढे ५४२ आणि ५७६च्या आसपास दोन खाचा, शेजारी-शेजारी. इंग्लंडमधल्या टीसाइड विद्यापीठातल्या मंडळींनी ती ४१५ची दरी धरून रक्ताचे डाग इतर लाल-तपकिरी डागांतून वेगळे काढण्याची पद्धत बसवली. मी ते घरी पडताळून बघितलं. मधुमेहाच्या तपासणीच्या सुईनं बोट टोचून एक थेंब पांढऱ्या रुमालावर, शेजारी देवघरातलं कुंकू आणि कोपऱ्यावरच्या टपरीतल्या पानाची पिंक (ती कशी मिळवली ते विचारू नका). चार दिवसांनी डोळ्याला तिन्ही डाग एकाच घराण्यातले वाटायला लागले होते. कॅमेऱ्याला जोडखाच फक्त एकात दिसली. दुसरा थेंब काळ्या ओढणीवर टाकला होता. तो वाळल्यावर कुठे पडला हे मलाही सापडेना. इन्फ्रारेडमध्ये ओढणीचा काळा रंगच पारदर्शक झाला, कापड पांढरट दिसायला लागलं आणि थेंब शाईच्या डागासारखा वर आला.

एरवी अशा ठिकाणी ल्युमिनॉल फवारतात. ते रक्तातल्या लोहामुळे निळसर चमकतं. पण ब्लीचवरही चमकतं, खोली अंधारी करावी लागते आणि फवाऱ्यानं डाग पातळ होतो तो होतोच. कॅमेरा लांबून बघतो. डाग आहे तसा राहतो, दुसऱ्याला पुन्हा तपासायला. मला यातली ही सभ्यता आवडते.

त्याहून पुढची गोष्ट डागाच्या वयाची. रक्त वाळतं तसं लाल रंगावरून तपकिरीवर जातं, हे स्वयंपाकघरात बोट कापलेल्या कुणालाही माहीत आहे. होतं असं की ऑक्सिहिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, त्याचं पुढे हेमिक्रोम होतं, आणि तिघांचं प्रमाण आलेखावरून काढता येतं. जोडखाच बुजत जाते, ६३०च्या बाजूला नवा खड्डा पडायला लागतो. ॲमस्टरडॅममध्ये गेर्डा एडेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये हे करून दाखवलं. २०० दिवसांपर्यंतच्या डागांचं वय त्यांनी सांगितलं आणि मधली चूक खऱ्या वयाच्या साधारण १३ टक्के आली. कागदावर हे फार देखणं वाटतं. पण शंभर दिवसांच्या डागाला १३ टक्के म्हणजे मागेपुढे तेरा दिवस, आणि तेरा दिवसांत आरोपी पंढरपूरला पायी जाऊन परत येऊ शकतो. शिवाय उष्णता आणि दमटपणा या घड्याळाचे काटे पळवतात. जुलैतल्या कोकणातला डाग आणि मे महिन्यातल्या विदर्भातला डाग एकाच गतीनं म्हातारे होणार नाहीत.

आपल्याकडे १ जुलै २०२४पासून नवी फौजदारी संहिता आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचंच, हे तिनं टप्प्याटप्प्यानं बंधनकारक केलंय. म्हणजे मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेपासून खालच्या प्रादेशिक प्रयोगशाळांपर्यंत कामाचा लोंढा येणार. असे कॅमेरे त्या लोकांच्या हाती पडावेत असं मला मनापासून वाटतं. त्याच वेळी एक धास्तीही वाटते, आणि ती त्या लाल एकापासूनची आहे. न्यायाधीशांसमोर आलेख जाणार नाही, चित्र जाणार. चित्रातले रंग कुणीतरी भरलेले असणार. रंग कुठल्या हिशेबानं भरले हे चित्राच्या खाली लिहिलेलं असलं पाहिजे. अण्णा म्हणाले असते, इथं सही करा.

माझ्या दिवाळीच्या उद्योगाला कोर्टात काडीची किंमत नाही, हे मी आत्याला आधीच सांगितलं होतं. पंचनामा नाही, सील नाही, कागद चाळीस वर्षं कुणाकुणाच्या हातांतून गेला त्याची नोंद नाही. तिला कोर्टात जायचंही नव्हतं. नाना जाऊन वीस वर्षं झाली. तिला फक्त बघायचं होतं.

बघितलं तर पुरतं बघावं, म्हणून मी त्या एकाचा आलेख घेऊन सगळ्या कागदावर त्याच्या जोडीचा शोध लावला. हे काम यंत्र आपसूक करतं: हा नमुना, याच्यासारखं आणखी कुठे आहे ते दाखव. या खेपेला मी निळा रंग दिला, मूळ शाईला जवळचा. पडद्यावर दोन जागा उजळल्या. एक तो एक. दुसरी खाली, उजवीकडे. आबांची सही.

बाकी चार सह्या लिखाणाच्याच शाईच्या होत्या. बहुधा नानांचंच पेन हातोहात फिरलं असणार. आबांनी मात्र दुसऱ्या पेननं सही केली होती. तशाच शाईच्या पेननं, ज्या शाईनं आठाच्या आधी एक आला.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मी घाईघाईनं सांगायला लागले की आत्या, यावरून पेन एकच होतं असं ठरत नाही. त्या काळी एका ब्रँडची लाखो पेनं खपत होती, एकाची शाई दुसऱ्यासारखीच. आणि पेन एकच असलं तरी हात एकच होता असं नाही. आबांनी सही करून पेन सतरंजीवर ठेवलं असेल आणि नानांनी उचललं असेल. किंवा महिन्याभरानं...

'आबांच्या खिशाला त्यांचं पेन असायचं,' आत्या म्हणाली. 'कुणाला द्यायचे नाहीत. आम्हाला हात लावला तरी ओरडायचे.'

'म्हणजे आबांनीच लिहिला?'

'मी कुठं म्हटलं तसं?' मग जरा थांबून, 'नानाची ती धाकटी आजारी होती त्या वर्षी. मिरजेला ठेवली होती. पैसा पाण्यासारखा चालला होता.'

मी काही बोलले नाही. चाळीस वर्षांत ही धाकटी आमच्या घरातल्या गोष्टीत कधीच आली नव्हती.

'अण्णांनी हा कागद बघितला असेल का?' मी विचारलं. मला म्हणायचं होतं, तिरका धरून.

'अगं तो दिवसभर दुनियेचे चेक बघायचा,' आत्या म्हणाली. 'हा बघितला नसेल होय?'

आता यावर काय म्हणणार. कागद त्यांच्या ट्रंकेत तळाशी होता, नवीन प्लॅस्टिकच्या पिशवीत. जुनी पिशवी फाटली म्हणून कुणीतरी बदललेली.

चहा गार झाला होता. फाईल बंद करायच्या आधी मी सवयीनं शेवटच्या पट्ट्यांवर गेले, ९५० नॅनोमीटरच्या पुढे. तिथे आमच्या कॅमेऱ्याची नजर अधू होत जाते, चित्रात वाळू पडल्यासारखी दिसते. लिखाण गेलेलं, सह्या गेलेल्या, आठ आणि एक दोन्ही गेलेले. कागद कोरा, फक्त खालच्या अर्ध्या भागात काही पुसट रेघा. मी काळं-पांढरं जरा ताणलं. पेन्सिल. शिसपेन्सिल म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बनच, आणि कार्बन इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. शाईखाली झाकलेलं, रबरानं अर्धवट खोडलेलं ते रेखाटन उघड्या डोळ्यांनी कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही. एक गोल, त्याच्यापासून निघालेली दुहेरी रेघ, एक वाकडा बांध आणि बांधाच्या टोकाशी फुली. वाटणी लिहायला बसण्याआधी कुणीतरी त्याच कागदावर रान काढून बघितलं होतं.

आत्यानं चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

'ही विहीर. ही मोट असायची तिथली धाव,' तिचं बोट पडद्यावरून चाललं होतं, 'आणि हा आंबा. शेपू आंबा म्हणायचो आम्ही, वास यायचा त्याला तसा. कुणी खायचं नाही. आम्ही दोघं त्याच्यावर बसायचो, तुझा बाप आणि मी. इंजिन बसवलं तेव्हा पाडला.'

मग तिनं विचारलं की याची छापील प्रत मिळेल का. मला वाटलं आबांच्या सहीची म्हणतेय, म्हणून मी ती निळी पट्टी पुन्हा वर आणली.

'ते नको,' आत्या म्हणाली. 'ही दे. अक्षरं नसलेली.'